मामा कशाने गेले

८ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार, प्रकृतीची चौकशी, थंडीची तक्रार हे सगळं लिहिलंय असं समज, कारण बातमी मोठी आहे. या हिवाळ्याच्या सुट्टीत मी एकटा येत नाहीये. ती येतेय, आणि तिचे आईवडीलही. त्यांना आपलं घर बघायचंय, तुला भेटायचंय, आणि सगळं मनासारखं दिसलं तर तिथेच लग्नाची तारीख ठरवू, असं तिचे वडील स्वतः म्हणाले. या शहरातले सगळे डॉक्टर त्यांना बघून उभे राहतात. काल दवाखाना उघडलेल्या माझ्यासारख्या दातांच्या डॉक्टरला ते घरी जेवायला बोलावतात, यात काय ते समजून घे.

आता अडचण. अडचण म्हणजे मामा.

लगेच डोळे वटारू नकोस. आई गेल्यावर मामाने आपल्याला वाढवलं हे मी विसरलेलो नाही, तो विसरू देतो कुठे? पण गेल्या सुट्टीत त्याने मला काय भेट आणली होती आठवतंय ना? कवळी. कुणाची तरी गाडीत राहून गेलेली, वापरलेली कवळी, डब्यात घालून, वर रिबीन बांधून. 'बोका, तुला शिकायला उपयोगी पडेल!' स्टेशनवरच्या हरवलेल्या सामानाच्या खोलीत जन्म काढला की जगातली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी उपयोगाची वाटायला लागते. तिच्या आईला तो काय देईल याची कल्पना कर. आणि शाळेच्या संमेलनात मी राजा झालो होतो आणि सिंहासनावरच चड्डी ओली केली, ही गोष्ट तो भर जेवणात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगणार म्हणजे सांगणार.

आणखी एक. रागावू नकोस. तिच्या वडिलांनी पहिल्याच जेवणाला विचारलं, लहानपणी तुम्हाला कोणी सांभाळलं? म्हटलं, मामांनी, रेल्वेत मोठे अधिकारी होते. 'होते?' म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं, हो, वारले. तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझ्या ताटात आणखी वाढलं. आता वारलेला माणूस मी परत कुठून आणू?

काहीतरी कर. तुला जमतं.

तुझा भाऊ


१४ नोव्हेंबर

गाढवा,

जिवंत माणसाला मारलंस आणि वर त्याच्या नावाने जास्तीचं जेवून आलास! तुझं पत्र वाचून मी मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत एकटीच खदाखदा हसले. शाळेचा शिपाई दार उघडून बघून गेला. मग तुझा राग आला, आणि खरं सांगते, तोही ओसरला. कारण तुला या वर्षी वाटतंय ते मला दरवर्षी वाटतं. मामा गल्लीत शिरला की संपलं. कोपऱ्यावरूनच तो ओरडतो, 'ठमे, मी आलो!' आणि शेजारच्या खिडक्या उघडतात. या गावात मी बाई आहे रे, ठमी नाही. गेल्या वर्षी त्याने मला दिलेले हातमोजे दोन्ही डाव्या हाताचे होते. 'त्यात काय, एक उलटा घाल,' म्हणाला.

माझं लग्न राहून गेलं ते गेलं. मला बघायला लोक यायचे तेव्हा बोलणी मामाच करायचा. तू लहान होतास, तुला माहीत नाही. 'पोरगी तोंडाची फटकळ आहे पण मनाने वाईट नाही,' हे तो कौतुक म्हणून सांगायचा. पाहुणे चहा संपवून उठायचे. तुझं मी तसं होऊ देणार नाही.

त्याला आजच लिहिते. त्याची खोली तिच्या आईवडिलांना देऊ, तीच काय ती उबदार आहे. त्याचं पांघरूण धुवायला काढलंय. त्याला स्टेशनचा वास येतो.

ताई


१४ नोव्हेंबर

मामा,

यंदा मला बरं नाहीये. ताप आहे, खोकला आहे, आणि डॉक्टर म्हणतात हे संसर्गाचं दुखणं आहे, कोणाला जवळ येऊ देऊ नका. म्हणून या वर्षीची सुट्टी रद्द करावी लागतेय. बोकाही येणार नाही. असल्या थंडीत, या वयात तू इथवर येऊन हाल करून घेऊ नकोस. तिकीट काढलं असशील तर परत कर. उन्हाळ्यात बघू.

काळजीचं काही नाही.

ठमी


२० नोव्हेंबर

चि. ठमीस मामाचे मोठ्याने आशीर्वाद. हळू मला काहीच करता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

उन्हाळ्यात बघू म्हणे! अगं शहाणे, आजारी माणसाला एकटं टाकायचं हे आपल्या घरात कधी झालंय का? तुला गोवर आला तेव्हा बोकाला शेजाऱ्यांकडे ठेवून मी तुझ्या खाटेखाली झोपत होतो. मग मलाच गोवर आला. एवढ्या बाप्याला गोवर, म्हणून स्टेशनातली माणसं पोट धरून हसली. तेव्हा संसर्गाचं मला सांगू नकोस. तोच मला घाबरतो.

रजा मंजूर झाली आहे. साहेब म्हणाला, दरवर्षी तुम्हाला हेच दिवस लागतात, आहे काय एवढं तिकडे? म्हटलं, माझी पोरं आहेत तिकडे. वर्षभर मी लोकांच्या छत्र्या आणि ट्रंका राखतो, साहेब, हे चार दिवस तेवढे माझी माणसं बघतो. त्याने गुपचूप सही केली.

बोकासाठी यंदा फार भारी चीज मिळाली आहे. काय ते सांगणार नाही. कवळी नाही एवढं सांगतो.

पडून राहा. मी येऊन बघतो सगळं.

मामा


२५ नोव्हेंबर

बोका,

झालं! येतोय तो, मला बरं करायला. चूक माझीच. शाळेची तपासणी आहे म्हणायचं, घराला रंग लावतेय म्हणायचं, काहीही चाललं असतं. पण आपल्या घरात कोणी शिंकलं तरी हा माणूस उशाशी ठाण मांडून बसतो हे माहीत असून मी आजाराचंच नाव काढलं. आता तूच डोकं चालव.

ताई


२९ नोव्हेंबर

ताई,

यात घाबरण्यासारखं काही नाही. लिही की मी तुला इकडे घेऊन आलोय, ओळखीच्या रुग्णालयात ठेवतोय, तिथे भेटायला कोणाला सोडत नाहीत, आणि घराला कुलूप आहे. कुलूप लावलेल्या घरी येऊन तो करणार काय?

आम्ही बावीस डिसेंबरला पोचतो. तिच्या वडिलांना उशी उंच लागते आणि बोलताना मधे कोणी बोललेलं चालत नाही. आणि हो, तिची आई विचारत होती, मामा कशाने गेले? मी हृदयविकार सांगितलाय. आपल्या दोघांचं एक असू दे.

तुझा भाऊ


३ डिसेंबर

मामा,

दुखणं वाढलं म्हणून बोका मला त्याच्या शहरात नेतोय. तिथल्या रुग्णालयात भेटायला बंदी आहे, तेव्हा तिकडे येऊन उपयोग नाही. इथल्या घराला कुलूप लावतेय, म्हणजे इकडेही येऊ नकोस. बरी झाले की मीच कळवीन.

ठमी


१७ डिसेंबर

चि. ठमीस,

हे पत्र बोकाच्या दवाखान्याच्या पत्त्यावर टाकतो आहे, म्हणजे तो तुला वाचून दाखवील. तुला भेटता येणार नाही हे कळल्यावर मी दोन दिवस जेवलो नाही. मग स्वतःलाच झापलं, म्हटलं, म्हाताऱ्या, रडत बसण्यापेक्षा काही कामाचं कर.

ठमे, घर बंद ठेवलंस ते ठीक, पण या थंडीत पाणी नळातच गोठतं आणि नळ फुटतात. तुझी आई होती तेव्हा एकदा सगळं स्वयंपाकघर वाहून गेलं होतं. माझ्याकडची किल्ली अजून आहे. तेव्हा रजा फुकट न घालवता मी घरी जाऊन राहतो. रोज शेगडी पेटवीन, नळ थोडे सोडून ठेवीन. तू बरी होऊन येशील तेव्हा घर गरम असेल. बावीस तारखेच्या गाडीने निघतो.

एकटा आहे म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. तुमच्याच घरात तर असेन.

मामा


४ जानेवारी

ताई,

आज दवाखाना उघडला तर दाराच्या फटीतून आत पडलेलं मामाचं पत्र मिळालं. सोबत पाठवतोय. हे आधी वाचलं असतं तर मी गाडीतूनच उडी मारली असती!

पण तुला मानलं. आपण सगळे जेवायला बसलेलो, तिचे वडील त्यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेची गोष्ट सांगतायत, आणि दारात किल्ली फिरते. खांद्यावर पोतं, हातात पेटी, नाकाचा शेंडा लाल. मला वाटलं, संपलं. आणि तू उठलीस आणि शाळेतल्या आवाजात म्हणालीस, 'अहो, किती उशीर केलात! पाहुण्यांचं सामान अजून खालीच पडलंय. ते वर न्या आणि मागून स्वयंपाकघरात या.' ताई, त्याने तोंड उघडलं होतं. 'ठ' एवढं आलंही होतं. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी ताटात बघितलं. पोतं खाली ठेवून त्याने तिच्या आईची ट्रंक उचलली.

तिच्या घरचे भलतेच खूश आहेत. 'जुनी, विश्वासाची माणसं टिकवून ठेवलीत तुम्ही, हे घराण्याचं लक्षण,' असं तिचे वडील गाडीत म्हणाले. रोज सकाळी बूट चकचकीत मिळायचे, गरम पाणी दारात असायचं. निघताना त्यांनी आपला जुना कोट त्याला दिला, तेव्हा तो किती वाकला बघितलंस? इतकं चांगलं वठवील असं वाटलं नव्हतं. तारीख पक्की, एप्रिलची अठरा.

आणि तू त्यांना दिलीस ती चामड्याची डॉक्टरी बॅग! ते येईल त्याला दाखवतायत. कुठून पैदा केलीस?

तुझा भाऊ


१० जानेवारी

बोका,

बॅग मामाने आणली होती. तुझ्यासाठी. स्टेशनवर कोणी तरी विसरलेली, पण नवी कोरी. त्याने महिनाभर तेल लावून तिला चकाकी आणली होती. स्वयंपाकघरात पोत्यातून काढून माझ्या हातात दिली, म्हणाला, बोकाला गुपचूप दे. मी ती उचलून तुझ्या सासऱ्यांना दिली, त्यांना देण्यासारखं घरात दुसरं काही नव्हतं. तो दाराआडून बघत होता.

तू म्हणतोस छान वठवलं. तुला स्वयंपाकघरात यावं लागत नव्हतं, म्हणून तुला छान वाटतं. मला वाटलं होतं दुसऱ्या दिवशी सकाळी पोतं उचलून चालता होईल. त्याच्या जागी कोणीही गेला असता. हा गेला नाही. कोळशाच्या खोलीत गोणपाटावर झोपायचा आणि तुम्ही वर हसायला लागलात की जिन्याखाली येऊन उभा राहायचा. 'बोका हसतोय,' असं मला सांगायचा, जसं काही मला ऐकू येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तुझे सासरे बूट घालता घालता त्याला म्हणाले, या पोरांचे मामा फार थोर माणूस असले पाहिजेत, दोघांना काय वळण लावलंय, तुम्ही पाहिलं होतं का त्यांना? मागे सासूबाई उभ्या होत्या, त्यांनी डोळे टिपले. हा म्हणाला, 'पाहिलं होतं, साहेब. आवाज मोठा होता.' मग स्वयंपाकघरात आला, भांडी विसळायला घेतली आणि मला विचारतो, 'ठमे, मी गेलो कशाने तेवढं सांगून ठेव. उद्या कोणी विचारलं तर घोटाळा नको.' मी म्हटलं, हृदयविकार. 'मग फार त्रास झाला नसेल,' म्हणाला.

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. संताप आला. एकदा तरी ओरडायचं त्याने, एक ताट तरी आपटायचं, म्हणजे मलाही चार शब्द सुनावता आले असते. एवढं निमूट राहून त्याने मला माझ्याच स्वयंपाकघरात चोर करून सोडलं. जाताना त्याला स्टेशनवर सोडायलाही मी गेले नाही. शाळेचं कारण सांगितलं. शाळेला सुट्टी होती, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

झालं ते झालं, आता पुढचं बघ. दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही मामाशिवाय होणाऱ्या नाहीत.

पहिली, फोटो. लग्नात पहिल्या रांगेत एक खुर्ची मामांसाठी मोकळी ठेवायची आणि तिच्यावर त्यांचा फोटो ठेवायचा, ही तिच्या आईची कल्पना. आम्ही दोघं आधी तिथे वाकून नमस्कार करणार आणि मग बाकीचं सगळं. मी नाही कसा म्हणणार? पण मामाचा खरा फोटो ठेवला तर बूट पुसणारा म्हातारा कोण होता ते लगेच कळेल. मामाच्या स्टेशनवरच्या खोलीत, लोकांच्या विसरलेल्या सामानात चौकटीतले फोटो असतील. कोणी तरी भारदस्त माणूस बघून दे म्हणावं.

दुसरी, तिचे वडील विचारतायत, तो म्हातारा लग्नात सामानाला मिळेल का? त्यांना दुसऱ्या कोणाच्या हाती ट्रंका द्यायच्या नाहीत.

तूच लिही. मला ते जमणार नाही.

तुझा भाऊ


२६ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र नाही, म्हणजे तू बरा असशील असं धरते. बोकाचं लग्न अठरा एप्रिलला आहे. त्याचं पत्र सोबत ठेवलंय. हे मला माझ्या शब्दांत लिहायला नको वाटलं, म्हणून त्याचेच शब्द वाच.

नको असेल तर नाही म्हण. पण नाही म्हणालास तर तुला लग्नाला बोलवायला आमच्याकडे दुसरं काही कारण नाही.

ठमी


५ मार्च

चि. ठमीस,

बोकाचं पत्र वाचलं. वाचून खूप राग आला. खोलीत ट्रंका लावता लावता तुम्हा दोघांना मी मोठ्याने शिव्या दिल्या, बाहेर रांगेतली माणसं दचकली. मग वाईट वाटलं. सुट्टीत वाटलं होतं त्याच्याहून जास्त वाटलं. तेव्हा निदान एक बाई माझ्यासाठी डोळे पुसत होती. मी उभ्याने बघितलं ते, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं होतं.

दोनदा 'नाही' असं लिहायला बसलो. पण मी नाही म्हटलं तर तुम्ही दुसरा हमाल बघाल आणि बोकाचं लग्न लागत असताना मी इथे छत्र्यांना चिठ्ठ्या बांधत बसेन. तेव्हा येतो. साहेबांना सांगा, ट्रंका माझ्याशिवाय कोणी हलवायच्या नाहीत.

फोटोचं काम झालं. दोन होते. एक गृहस्थ फार तरुण निघाले. दुसरे छान आहेत, भरघोस मिशा, कडक कॉलर, डोळ्यांत जरब. तुम्हाला यांनी वाढवलं म्हटलं तर कोणालाही पटेल, मला बघून पटलं नसतं. आमच्याकडे फार वर्षं पडून होते, कोणी न्यायला आलं नाही. चौकटीचा कोपरा निघाला होता तो मी बसवला आणि काच धुऊन घेतली.

टपालाने पाठवत नाही, काच फुटेल. मी स्वतः घेऊन येतो. ही चौकट जड आहे, खुर्चीवर नुसती ठेवली तर घसरेल. बोका आणि सूनबाई वाकतील तेव्हा मागून कोणी तरी धरून उभं राहायला लागेल. मी राहीन. तेवढा वेळ मला तिथून हलायला सांगू नका.

मामा